गाडीचे ब्रेक आवाज का करतात? सातारा परिसरातील चारचाकी वाहनधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यात चारचाकी चालवणाऱ्याच्या ब्रेकला सपाट प्रदेशातील वाहनापेक्षा जास्त राबावे लागते. पश्चिमेला पसरणी, केळघर, यवतेश्वर आणि आंबेनळीसारखे घाट व चार महिन्यांचा पाऊस, पूर्वेला माण-खटावची कोरडी धूळ आणि मधल्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात ऊसवाहतुकीने रस्त्यावर सांडलेली माती, असा सगळा मारा एकाच गाडीवर एकाच वर्षात होऊ शकतो. शेवटचा प्रश्न वगळता पुढील उत्तरे पेट्रोल, डिझेल व सीएनजीवर चालणाऱ्या, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या सर्वसाधारण गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

ब्रेक दाबल्यावर चिरका आवाज नेमका कशामुळे येतो?

पुढच्या चाकाबरोबर बिडाची एक चकती फिरत असते, तिलाच आपण डिस्क म्हणतो. ब्रेक दाबला की कॅलिपरमधील (चकतीवर बसवलेल्या चिमट्यासारख्या भागातील) पिस्टन दोन पॅडना, म्हणजे घर्षणाचा थर लावलेल्या लोखंडी पट्ट्यांना, या चकतीवर दोन्ही बाजूंनी आवळतो. हे आवळणे अगदी एकसंध नसते. पॅड क्षणभर चकतीला पकडतो, लगेच सुटतो, पुन्हा पकडतो, आणि हे एका सेकंदात हजारो वेळा घडते. फळ्यावर खडू सरळ उभा धरून रेघ ओढली की जो अंगावर काटा आणणारा आवाज निघतो, त्याची जातकुळी हीच. खडू थोडा तिरपा धरला की आवाज थांबतो, पण रेघ तेवढीच ठळक उमटते.

या कंपनाचा ब्रेकच्या ताकदीशी थेट संबंध नसतो, ही गोष्ट पुढची सगळी उत्तरे वाचताना लक्षात ठेवावी. उत्तम स्थितीतील ब्रेक किंचाळू शकतो आणि धोकादायक झालेला ब्रेक गप्प राहू शकतो. म्हणून केवळ आवाज बंद करणे हे दुरुस्तीचे उद्दिष्ट ठेवू नये. आवाज कशामुळे येतो हे आधी शोधावे. बहुतेक वेळा कारण दूर झाले की आवाज आपोआप जातो.

आवाज येऊ लागला म्हणजे ब्रेक लागायचा बंद होईल का?

लगेच नाही, पण कोणता आवाज आहे यावर ते अवलंबून आहे. बारीक, उंच पट्टीतील, शिट्टीसारखा आवाज असेल तर तपासणीसाठी आठवडाभराचा अवधी घेता येतो. धातूवर धातू घासल्याचा खरखरीत, जाड आवाज येत असेल आणि पावलाखाली पेडलमध्येही ती खरखर जाणवत असेल, तर पॅडवरील घर्षणाचा थर संपून त्यामागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासत आहे असे समजावे. अशी गाडी घाटात नेऊ नये. शक्य असेल तर अजिबात चालवू नये.

अनेक पॅडना एक छोटी पोलादी जीभ जोडलेली असते. घर्षणाचा थर सुमारे २ ते ३ मिलिमीटर उरला की ही जीभ डिस्कला टेकते आणि मुद्दाम कर्कश आवाज काढते. पॅड बदलण्याची वेळ झाली हे चालकाला कळावे, एवढाच तिचा उपयोग. हा आवाज बहुधा गाडी चालू असताना सतत येतो आणि ब्रेक दाबल्यावर बदलतो किंवा थांबतो. ब्रेक दाबला की आवाज थांबतो म्हणून निर्धास्त राहणारे लोक असतात. प्रत्यक्षात हीच खूण सर्वांत आधी गाडी तपासून घेण्याची आहे.

आवाज कोणत्या चाकातून येतो, हे कसे ओळखावे?

गाडीत बसून आवाजाची दिशा सहसा चुकते, कारण तो सांगाड्यातून फिरून कानावर येतो. सकाळी लवकर, रहदारी नसताना, एखाद्या लांब कंपाऊंडच्या भिंतीलगतचा रस्ता निवडावा. औद्योगिक वसाहतीतील रस्ते यासाठी सोयीचे आहेत. सर्व काचा खाली घेऊन, पंखा आणि संगीत बंद करून, ताशी २० ते ३० किलोमीटर वेगाने भिंतीच्या कडेने जावे आणि ब्रेक हलकासा दाबावा. त्या बाजूच्या चाकाचा आवाज भिंतीवरून परत येतो आणि स्पष्ट ऐकू येतो. मग उलट दिशेने येऊन दुसरी बाजू ऐकावी. सोबत कोणी असेल तर त्याने मागच्या सीटवर बसून मागच्या चाकांकडे लक्ष द्यावे.

त्यानंतर आवाज केव्हा येतो याची नोंद करावी. ही नोंद चाक काढण्याइतकीच उपयोगी पडते. फक्त सकाळच्या पहिल्या चार-पाच ब्रेकला येतो आणि मग जातो, तर तो बहुधा ओलाव्याचा व गंजाचा असतो. गाडी तापल्यावरच येतो, तर पॅडचा पृष्ठभाग चकाकी धरून कडक झाला असण्याची शक्यता असते. हलक्या ब्रेकला येतो आणि जोरात दाबल्यावर जातो, तर पॅड कॅलिपरच्या खाचेत ढिले आहेत किंवा शिम (पॅडच्या पाठीवरचे पातळ पत्रे) निघाले आहेत असा संशय घ्यावा. फक्त मागे घेताना येतो, तर पॅडच्या कडा किंवा मागच्या ड्रममधील शू (ड्रमला आतून दाबणारे अर्धगोलाकार तुकडे) तपासावेत. ब्रेक न दाबताही येतो आणि वेगाबरोबर वाढतो, तर अडकलेला कॅलिपर, डिस्कमागचा वाकलेला पत्रा आणि चाकाचे बेअरिंग या तिन्हींचा विचार करावा लागतो.

आणखी एक साधी परीक्षा आहे. दहा-पंधरा मिनिटे साध्या रस्त्यावर कमीत कमी ब्रेक वापरून गाडी चालवावी, थांबावे आणि चारही चाकांच्या रिमजवळ, स्पर्श न करता, तळहात न्यावा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा लक्षणीय गरम लागत असेल तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही. डिस्कला मात्र हात लावू नये. त्वचा भाजण्याइतकी ती सहज तापते.

पावसाळ्यात सकाळी गाडी काढली की पहिले काही ब्रेक करकरतात. काळजीचे आहे का?

नाही. बिडाच्या उघड्या पृष्ठभागावर एका ओल्या रात्रीत तांबूस गंज धरतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मेढा, कास, बामणोली या भागात जुलै-ऑगस्टमध्ये हवा कित्येक दिवस कोरडी होत नाही, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांना हा आवाज रोजचाच वाटतो. पाच-सात वेळा ब्रेक लागला की पॅड हा थर खरवडून काढतात.

गाडी दोन-तीन आठवडे उघड्यावर उभी राहिली असेल, तर मात्र पॅडच्या आकाराचा गंजाचा ठसा डिस्कवर उमटतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तेथे धक्का जाणवतो. शंभरएक किलोमीटर चालवूनही तो गेला नाही तर डिस्क काढून पाहावी लागते. गाडी धुतल्यावर लगेच उभी करून ठेवण्याऐवजी एक छोटी फेरी मारून ब्रेक कोरडे करावेत.

पाचगणीहून वाईला उतरलो की ब्रेक किंचाळतात आणि जळका वास येतो. पॅड खराब आहेत का?

पॅड खराब झाले असतील, पण ते उतरण्याच्या पद्धतीमुळे झाले असण्याची शक्यता जास्त आहे. पाचगणी ते वाई या प्रवासात गाडी साडेपाचशे मीटरहून अधिक खाली येते. माणसांसह एक टन वजनाची गाडी धरली तर या उतारात जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे पंधरा लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. चालकाने संपूर्ण घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरवला तर यातील मोठा भाग दोन डिस्क आणि चार पॅडमध्ये उष्णता म्हणून साठतो. पॅडमधील राळेसारखे चिकट द्रव्य त्या तापात पृष्ठभागावर येते, थंड झाल्यावर काचेसारखे कडक होते, आणि असा चकाकणारा पॅड डिस्कवर पकड घेण्याऐवजी घसरतो व किंचाळतो.

यावरचा उपाय गिअरमध्ये आहे, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीचा वेग रोखून धरते. ज्या गिअरमध्ये हा चढ चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम छोट्या गाडीलाही लागू पडतो. पसरणी आणि यवतेश्वर घाटात याचा अर्थ बहुतेक ठिकाणी दुसरा गिअर, आंबेनळीच्या तीव्र वळणांवर काही वेळा पहिला. इंजिनचा आवाज वाढतो म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ब्रेक सतत हलका दाबून धरण्यापेक्षा, वेग वाढला की ठामपणे दाबून तो कमी करावा आणि पाय पूर्ण काढून घ्यावा, म्हणजे मधल्या काळात डिस्कला वारा मिळतो. स्वयंचलित गिअरच्या गाडीत खालच्या गिअरला अडकवून ठेवण्याची सोय असते. तिचा उपयोग अनेक मालकांना ठाऊकच नसतो.

इंधन वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करण्याची सवय अजूनही दिसते. इंजेक्शन पद्धतीच्या आजच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असला, की इंधनाचा पुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळत राहते. म्हणजे बचत काहीच नाही आणि सगळा भार ब्रेकवर. इंजिन बंद करून उतरणे तर घातकच आहे, कारण ब्रेकला मदत करणारा निर्वात दाब दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर संपतो आणि पेडल दगडासारखे कठीण होते.

सप्टेंबरमध्ये कास पठारावरून परतणाऱ्या गाड्यांच्या रांगेत हा त्रास आणखी वाढतो, कारण रांग इतकी हळू सरकते की इंजिनचा ब्रेक पुरेसा लागत नाही आणि डिस्कला वाराही मिळत नाही. अशा वेळी पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून, थोडे थांबून, मग एकदम पंचवीस-तीस फूट सरकावे. वास येऊ लागला तर रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी आणि वीस-पंचवीस मिनिटे ब्रेक गार होऊ द्यावेत. तापलेल्या चाकावर बाटलीतील पाणी ओतू नये. तापलेले बीड एकदम गार झाले तर वाकण्याची किंवा तडकण्याची भीती असते. घाट उतरून थेट वॉशिंग सेंटरला गाडी लावणेही त्याच कारणाने टाळावे.

दहिवडी-वडूजकडे किंवा उसाच्या हंगामात गाडी चालवल्यावर खरखर येते. त्याचे काय?

माण-खटाव भागात पाऊस महाबळेश्वरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच पडतो, आणि कच्च्या रस्त्यावरील बारीक धूळ कॅलिपरच्या खाचांत, ड्रमच्या आत आणि पॅडच्या मधल्या चिरेत जाऊन बसते. पॅडच्या मध्यभागी असलेली ही चीर धूळ बाहेर टाकण्यासाठीच असते. ती बुजली की खरखर सुरू होते. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असताना ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांबरोबर शेतातील चिकट काळी माती डांबरी रस्त्यावर येते, आणि ती वाळून रिमच्या आतल्या बाजूला कडक थर धरते. कासच्या बाजूला जांभ्याचा मुरूम हेच काम करतो.

पुष्कळदा डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये एखादा खडा अडकतो. मग ब्रेकचा संबंध नसताना सतत, कानठळ्या बसवणारी खरखर येते आणि चालकाला वाटते की मोठा खर्च आला. आधी गाडी सावकाश मागे घ्यावी आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. खडा बहुतेक वेळा असाच पडून जातो. नाही पडला तर चाक काढून तो पत्रा बोटाने किंचित मागे वाकवावा.

चाक न काढता पॅड किती उरले आहेत हे कळते का?

अलॉय चाक असेल तर आऱ्यांमधून टॉर्चचा प्रकाश टाकून बाहेरचा पॅड दिसतो. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो ३ मिलिमीटरपर्यंत आला की बदलण्याची तयारी करावी. पण आतला पॅड असा दिसत नाही, आणि अनेक गाड्यांत तोच आधी झिजतो. त्यामुळे बाहेरून पाहून निर्धास्त होऊ नये.

नवे पॅड बसवले तरी आवाज येतोच. पॅड नकली आहेत का?

असतीलही, परंतु त्याआधी काम कसे झाले ते तपासावे. सर्वाधिक तक्रारी याच प्रश्नाभोवती असतात आणि आमच्या मते ब्रेकच्या आवाजावर होणारा बहुतांश वायफळ खर्चही याच ठिकाणी होतो. आवाज आला की पॅड बदलायचे, पुन्हा आला की अधिक महागाचे पॅड घालायचे, तरीही आला की डिस्क बदलायची, आणि या सगळ्यात पाच मिनिटांचे ग्रीसचे काम राहून जायचे, असा क्रम नेहमी दिसतो.

कॅलिपर दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो. या पिनांवरील ग्रीस वाळले किंवा त्यांचे रबरी आवरण फाटून आत पाणी गेले की कॅलिपर अडकतो. मग एक पॅड सतत टेकून राहतो, तापतो, वाकडा झिजतो आणि ओरडतो. नवा पॅड घातला तर तोही काही महिन्यांत त्याच वाटेने जातो. म्हणून पॅड बदलताना पिना काढून, जुने ग्रीस पुसून, सिलिकोनचे किंवा खास ब्रेकसाठीचे ग्रीस लावलेच पाहिजे. चाकाच्या बेअरिंगला वापरतात ते साधे ग्रीस येथे चालत नाही. त्यातील खनिज तेलाने रबर फुगते आणि पिन अधिकच घट्ट होते.

दुसरी राहून जाणारी गोष्ट म्हणजे शिम, म्हणजे पॅडच्या पाठीवरचा पातळ थरांचा पत्रा. तो कंपन गिळतो. जुन्या पॅडवरील शिम फेकून दिले आणि नव्या पॅडबरोबर आलेच नाहीत, तर आवाज येणारच. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तेथील स्प्रिंगच्या पट्ट्याही गंजून सैल होतात. त्या स्वस्त असतात आणि पॅडबरोबरच बदलाव्यात.

तिसरी गोष्ट चालकाच्या हातात आहे. नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसावे लागतात. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगावरून मध्यम दाबाने १०-१५ पर्यंत यावे, पूर्ण थांबू नये, थोडे अंतर जाऊ द्यावे आणि हे आठ-दहा वेळा करावे. त्यामुळे पॅडमधील द्रव्याचा एकसारखा थर डिस्कवर चढतो. पुढील दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक दाबण्याचा प्रसंग शक्यतो टाळावा. पॅड बदलून दुसऱ्याच दिवशी सहकुटुंब महाबळेश्वर गाठले, तर हे बसणे नीट होत नाही आणि आवाज कायमचा मुक्कामाला येतो.

घरच्या घरी काय करता येईल?

ज्याला स्टेपनी बदलण्याचा सराव आहे आणि ज्याच्याकडे मजबूत जॅकस्टँड आहे, त्याने पुढचे ब्रेक साफ करण्यास हरकत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली किंवा गाडीशेजारी काम करू नये, मग तो जॅक कितीही नवा असो.

गाडी सपाट, टणक जमिनीवर लावून हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा आणि मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग गाडी उचलून स्टँडवर टेकवावी. चाक निघाल्यावर कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की बहुतेक गाड्यांत कॅलिपर वर फिरवता येतो. तो तारेने बांधून ठेवावा. रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. पॅड काढताना कोणता आत होता आणि कोणता बाहेर, याची खूण करावी.

काढलेले पॅड उजेडात नीट पाहावेत, कारण त्यांत बिघाडाचा इतिहास लिहिलेला असतो. एक टोक जाड आणि दुसरे पातळ असेल तर पिन किंवा खाच अडकली आहे. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा फार झिजला असेल तर पिस्टन परत जात नाही किंवा कॅलिपर सरकत नाही. पृष्ठभाग आरशासारखा चमकत असेल तर तो तापलेला आहे. त्यावर तेलकट डाग असेल तर कोठून तरी ब्रेक ऑइल गळत आहे, आणि असे पॅड साफ करून वापरू नयेत. काठ तुटलेले असतील किंवा लोखंडी पट्टीपासून थर सुटू लागला असेल तर विचार न करता बदलावेत.

खाचांतील गंज तारेच्या ब्रशने काढावा आणि ब्रेक क्लीनरचा फवारा मारून पुसावे. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नये आणि हवेच्या पाइपनेही उडवू नये. जुन्या किंवा अनोळखी पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात जाणे फार घातक असते. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसणे हा योग्य मार्ग आहे. चकाकी वरवरची असेल तर सपाट फरशीवर ८० किंवा १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पॅड त्यावर हलक्या हाताने, सर्वत्र सारखा घासावा. हा इलाज तात्पुरता असतो; कडक थर खोल गेला असेल तर चकाकी परत येते.

पॅडच्या कानांना आणि पाठीला उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. घर्षणाच्या बाजूला किंवा डिस्कला ग्रीसचा ठिपकाही लागता कामा नये. सर्व जोडून झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, ब्रेक पेडल घट्ट होईपर्यंत अनेक वेळा दाबावे. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिले दाब पोकळ जातात, आणि ही गोष्ट गेटबाहेर उतारावर कळणे परवडणारे नाही. नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या बलाने आवळावेत आणि पन्नासएक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

डिस्कवर थोडे तेल किंवा गंज सोडवण्याचा फवारा मारला तर आवाज जाईल का?

आवाज जाईल आणि ब्रेकही जाईल. हे कधीही करू नये.

आवाज मागच्या चाकांतून येतो. तेथे तर ड्रम आहे.

ड्रमच्या आत अर्धगोलाकार शू असतात आणि त्यांवर लायनर चिकटवलेले असते. झिजलेल्या लायनरची भुकटी बाहेर पडायला फारशी वाट नसल्याने ती आतच साठते आणि बारीक करकर सुरू होते. ड्रम काढून साफ करणे आणि शू ज्या पत्र्यावर टेकतात तेथील सहा-सात ठिपक्यांना किंचित ग्रीस लावणे, एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते. थकलेल्या स्प्रिंगांमुळेही शू वाजतात. आत ओलसर, तेलकट चिखल दिसला तर चाकाचा सिलिंडर गळतो आहे. मग सिलिंडरची दुरुस्ती आणि नवे शू दोन्ही लागतात.

पावसाळ्यात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवल्यास ओले शू ड्रमला चिकटतात आणि सकाळी गाडी निघताना मागून ठक असा आवाज येतो. सपाट जागेवर, गिअर टाकून आणि चाकाला ठोकळा लावून, हँडब्रेक मोकळा ठेवावा. शहराच्या वरच्या, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडील उताराच्या गल्ल्यांत गाडी लावणाऱ्यांनी मात्र हा सल्ला मानू नये; तेथे हँडब्रेक हवाच.

डिस्क लेथवर घासून घ्यावी की नवीच घालावी?

डिस्कच्या काठावर किंवा आतल्या भागावर तिची किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजून, घासल्यानंतरही ती त्याहून जाड राहणार असेल तरच लेथवर द्यावी. पातळ डिस्क लवकर तापते, लवकर वाकते आणि जास्त वाजते, म्हणजे ज्या त्रासासाठी खर्च केला तोच परत येतो. हलक्या वर्तुळाकार रेघा असणे नैसर्गिक आहे. नख अडकेल इतके खोल चर, काठावर उंच कंगोरा, निळसर डाग किंवा चिरा दिसल्या तर बदलणे बरे. ब्रेक दाबताना पेडल थरथरत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही असे समजावे. डिस्क असो वा पॅड, डाव्या-उजव्या चाकांचे नेहमी जोडीनेच बदलावे. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

कोणत्या प्रकारचे पॅड घ्यावेत?

धातूचे कण जास्त असलेले पॅड उष्णता चांगली सहन करतात, पण वाजतात आणि डिस्क अधिक झिजवतात. सिरॅमिक पॅड शांत असतात, काळी धूळ कमी सोडतात आणि महाग असतात. आठवड्यातून एखादा घाट उतरणाऱ्या कौटुंबिक गाडीला निर्मात्याने सुचवलेल्या दर्जाचे पॅड पुरेसे आहेत. प्रवासी घेऊन रोज महाबळेश्वर-पाचगणी करणाऱ्याने थोडा आवाज सहन करून उष्णता झेलणारे पॅड निवडावेत. वेष्टन, छपाई आणि सील पाहून, पावती घेऊनच खरेदी करावी.

ब्रेक ऑइलमुळे आवाज येतो का?

आवाज येत नाही, तरीही आवाज आल्यावर टाकी उघडून पाहावी. पॅड झिजतात तसे पिस्टन पुढे सरकतात आणि ऑइलची पातळी उतरते. त्यामुळे पातळी कमी दिसली तर लगेच वरून ओतण्याआधी पॅड पाहावेत आणि गळतीही शोधावी.

घाटात ऑइलचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उतारावर ऑइल उकळले की नळ्यांत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फळीपर्यंत जाऊनही ब्रेक लागत नाही. साताऱ्यासारख्या ठिकाणी दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा आमच्या दृष्टीने कोणत्याही महाग पॅडपेक्षा शहाणपणाचा खर्च आहे. झाकणावर जो प्रकार लिहिला असेल तोच वापरावा.

ब्रेकला हात न लावताही आवाज येतो. तो ब्रेकचाच असतो का?

प्रत्येक वेळी नाही. चाकाच्या बेअरिंगचा घुमणारा आवाज वेगाबरोबर वाढतो आणि लांब वळणावर एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त होतो. थंड, ओल्या सकाळी इंजिन सुरू करताच येणारी किंकाळी इंजिनच्या पट्ट्याची (बेल्टची) असते आणि ती गाडी उभी असतानाही ऐकू येते. टायरच्या नक्षीत अडकलेला खडा टकटक करतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर काय सांगावे आणि काय विचारावे?

"ब्रेक वाजतात" एवढेच सांगितले तर मिस्त्री समोर दिसेल ते बदलेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. कोणते चाक, गरम की थंड, हलका ब्रेक की जोराचा, पुढे जाताना की मागे घेताना, आणि त्याआधी घाट उतरला होता का, हे सांगावे. शक्य असेल तर त्याला शेजारी बसवून एक फेरी मारावी. काम झाल्यावर पिनांना ग्रीस लावले का, शिम आणि पट्ट्या बसवल्या का, डिस्कची जाडी किती भरली, हे विचारावे आणि जुने पॅड परत मागून घ्यावेत. चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही.

पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल किंवा ब्रेकचा लाल दिवा लागून राहत असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. मिस्त्रीला बोलवावे किंवा ती ओढून न्यावी.

विजेवर चालणाऱ्या गाडीचे ब्रेकही वाजतात. त्यांचा तर वापर कमी असतो ना?

वापर कमी असतो म्हणूनच ते वाजतात. अशी गाडी वेग कमी करताना मोटारलाच जनित्र बनवते, त्यामुळे पॅड डिस्कला क्वचितच टेकतात, आणि पावसाळ्यात डिस्कवर बसलेला गंज खरवडला जात नाही. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही हे पाहून, ऊर्जा परत मिळवण्याची पातळी सर्वांत कमी ठेवावी आणि सात-आठ वेळा ठामपणे ब्रेक दाबावेत. घाटाच्या माथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मोटार वेग रोखण्यात फारशी मदत करू शकत नाही आणि सगळा भार पॅडवर येतो. म्हणून महाबळेश्वर किंवा पाचगणीला मुक्काम असेल तर रात्री बॅटरी शंभर टक्के न भरता थोडी जागा ठेवावी. उतारावर ती आपोआप भरते.